तेविसाव्या बॅचची सही

४ मार्च

पान्या,

'प्रिय' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं आणि शेवटी कागदच बदलला. फोन तू उचलत नाहीस. नको उचलूस. पत्ता आईकडून मिळवला आणि त्यासाठी दोन रविवार तिच्यासमोर गरीब गाईसारखी बसून राहिले. "भांडायला लिहिणार असशील तर देणार नाही," म्हणाली. मी म्हटलं, कामाचं आहे. ते खोटं नाही.

एक माहिती हवी आहे. दोन वर्षांपूर्वी, बारा नोव्हेंबरला, तेविसाव्या बॅचचं द्रावण कोणी बनवलं?

रजिस्टरमध्ये तुझी सही आहे. वेळ साडेनऊ. भांडं प्लॅस्टिकचं, ढवळणी प्लॅस्टिकची, सगळं मी भिंतीवर लावलेल्या नियमांप्रमाणे. अक्षरही वळणदार, म्हणजे तुझ्या मानाने. अडचण एवढीच की त्या दिवशी साडेनऊला तू दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत आ वासून पडला होतास आणि बाहेर बाकावर मी तुझं हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. अक्कलदाढ. "होती नव्हती ती अक्कल काढून घेतली त्यांनी" असं मी परत येताना म्हटलं, आणि तुला हसताही येत नव्हतं म्हणून तू मला कोपर मारलंस. दोन वाजता घरी आलो आपण. मग साडेनऊला शेडमध्ये कॉस्टिक पोटॅश कोण कालवत होतं?

बसवाले पुन्हा येतायत, पंचवीस तारखेला. त्यांच्या डेपोच्या छपरावरच्या सौर पॅनेलची वीज वापरून पाणी फोडायचं, निघालेल्या हायड्रोजनवर बसगाड्या चालवायच्या, आणि ते पाणी फोडणारं यंत्र आपलं. तेच जुनं बोलणं, पण या वेळी जुने सगळे रेकॉर्ड मागितलेत. म्हणून रजिस्टर उघडलं. नाहीतर त्याला हात लावायची माझी इच्छा नव्हती.

ही एक सही खोटी आहे. बाकी किती आहेत?

नुसती माहिती पाठव. दुसरं काही लिहायची गरज नाही.

ताई


९ मार्च

पान्या,

पत्र तीन दिवसांत पोचतं, पोस्टात चौकशी केली मी. म्हणजे तुला मिळालंय. तू मुद्दाम गप्प आहेस. लहानपणी पाना उशाशी घेऊन झोपायचास आणि कोणी तो काढून घेतला तर रडायचा नाहीस, नुसता गप्प बसायचास. मग मीच रडायला लागायचे. तीच युक्ती अजून चालते तुझी.

बरं, तू बोलत नाहीस तर मी सांगते. मला बसवत नाहीये. तीन दिवस मी शेडमध्ये नुसती येरझारा घालतेय आणि फिटरकाका मला बघून वाट बदलतात.

त्यांची ती जुनी सवय तुला आठवत असेल. बाबांच्या निकेल प्लेटिंगच्या काळापासून, टाकीत नवं काही भरलं की त्यातली एक बाटली बाजूला काढून ठेवायची. मी त्यांना कितीदा म्हटलं, काका, बाकाखाली हा बाटल्यांचा बाजार कशाला? ते हो म्हणायचे आणि ठेवायचेच. परवा मी त्या बाकाखाली गुडघ्यांवर जाऊन दोन बाटल्या काढल्या. एक तुझ्या सहीची, तेविसावी. दुसरी प्रात्यक्षिकाच्या दिवसाची, जी मी स्वतः बनवली होती. दोन्ही तपासायला पाठवल्या. काल निकाल आला.

माझ्या बाटलीत लोखंड जवळजवळ नाही. तुझ्या बाटलीत आहे. दहा लाख भागांत पाच भाग. डोळ्यांना दिसणार नाही, चवीला कळणार नाही, चाखलंस तर जीभ जळेल ते वेगळं. पण आहे.

तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी मला पहिल्यापासून मांडल्याशिवाय विचार करता येत नाही. मास्तरीण हे नाव तूच ठेवलंस, आता सोस. निकेलच्या दोन पट्ट्या, मध्ये पोटॅशचं द्रावण, त्यातून वीज सोडली की एका पट्टीवर हायड्रोजन, दुसरीवर ऑक्सिजन. हायड्रोजन बिचारा सरळ आहे. आडमुठा तो ऑक्सिजन, त्याला सोडवायला जास्तीचे व्होल्ट लागतात आणि तेवढी वीज वाया जाते. आपला सेल दोन पूर्णांक शून्य चारवर चालायचा. मग तू द्रावण बनवायला लागलास आणि तो एक पूर्णांक त्र्याऐंशीवर आला. चाळीस दिवस तिथेच राहिला. एवढ्या फरकासाठी लोक आयुष्य घालवतात. मी आनंदाने वेडी झाले होते. बसवाल्यांना बोलावलं, त्यांच्या मानासाठी नव्या कोऱ्या पट्ट्या बसवल्या, द्रावण स्वतःच्या हाताने बनवलं, आणि त्यांच्या मीटरवर आकडा आला दोन पूर्णांक शून्य चार.

पुढचं तू विसरला नसशील. मीही नाही.

आता लोखंडाचं. चिमूटभर लोखंड द्रावणात असलं की ते निकेलच्या पट्टीवर जाऊन बसतं आणि ऑक्सिजनचा आडमुठेपणा कमी होतो. हा काही माझा शोध नाही. या धंद्यातल्या शहाण्या माणसांना हे माहीत आहे आणि मी ते वाचलंही होतं, पेन्सिलने खूण करून. पण आपल्या द्रावणात लोखंड येईलच कुठून? पोटॅश शुद्धातलं शुद्ध, भांडी प्लॅस्टिकची, लोखंडी वस्तू त्या खोलीत न्यायची नाही हा माझा पहिला नियम. म्हणून तपासलंच नाही. बाटलीवरच्या लेबलावर विश्वास ठेवला आणि तुझ्यावर नाही, असं तू म्हणशील. म्हण.

प्रश्न एवढाच की लोखंड तू मुद्दाम टाकलंस का? कुठे वाचून, मला न सांगता? तसं असेल तर तू माझ्यापेक्षा हुशार निघालास आणि मला ते ऐकायचंय. पण मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस? एका वाक्यात सगळं मिटलं असतं.

कळव. पंचवीस तारीख डोक्यावर आली आहे आणि मला झोप नाही.

ताई


१४ मार्च

पान्या,

आता तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. मला कळलं.

काल फिटरकाकांना धरलं. म्हटलं, काका, तुम्ही अडतीस वर्षं या शेडमध्ये आहात, तुमच्या नजरेतून खिळा सुटत नाही, बारा नोव्हेंबरला द्रावण कोणी बनवलं ते मला सांगा. त्यांनी आधी हातमोजे काढले, घडी केली, परत घातले. मग म्हणाले, "ताई, तुम्ही आठला येता. शेड सहाला उघडते."

एवढंच. पुढे चालायला लागले. मी मागोमाग. मागच्या पत्र्याच्या खोलीत, जिथे बाबांची बंद पडलेली प्लेटिंगची टाकी आहे, तिच्या आड पोत्याखाली ते पिंप होतं. बाबांचं लोखंडी पिंप, अर्धं कापलेलं, ज्यात ते आयुष्यभर कॉस्टिक कालवत आले. आतून काळपट तपकिरी. कडेला लोखंडी सळी टेकवून ठेवलेली, मुठीपाशी फडकं गुंडाळलेली. ते फडकं आईच्या जुन्या उशीच्या अभ्ऱ्याचं आहे, मी ओळखलं.

मी भंगारात द्यायला सांगितलं होतं ते पिंप.

काका सांगत होते, मी ऐकत होते. रोज सहाला बाबा येत. तू दार उघडून द्यायचास. ते पिंपात पाणी घेत, मग पोटॅश थोडं थोडं सोडत, सळीने ढवळत, आणि झाकून ठेवत. मुरल्याशिवाय काढायचं नाही, असं काकांना दर वेळी बजावत, जसं काही काका काल कामाला लागलेत. दुसऱ्या दिवशी तू ते कॅनमध्ये भरायचास, रजिस्टरमध्ये वेळ घालायचास, प्लॅस्टिक लिहायचास, सही करायचास. चौदाव्या बॅचपासून एकतिसाव्यापर्यंत. मी यायच्या आत बाबा घरी, हातात पेपर घेऊन.

आणि हे का करावं लागलं ते मला कोणी सांगायची गरज नाही. बाबांनी एकदा उलटं केलं होतं, पोटॅशवर पाणी ओतलं. ते उकळून उडालं, त्यांच्या मनगटावर आणि एका मजुराच्या चष्म्यावर. मोतीबिंदूमुळे कॅन कुठला ते दिसलं नाही त्यांना. मी सगळ्या माणसांसमोर म्हटलं, बाबा, आजपासून तुम्ही केमिकलला हात लावायचा नाही. माझी चूक नव्हती, अजूनही नाही वाटत. पण सगळ्यांसमोर म्हटलं, आणि तुला माझा तो आवाज माहीत आहे. त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे मी पाहिलं होतं आणि दुर्लक्ष केलं होतं. तू केलं नाहीस.

आता तो प्रात्यक्षिकाचा दिवस. तू म्हणालास, मीटरला हात लावलेला नाही. मी विचारलं, द्रावण तूच बनवत होतास ना, माझ्याच पद्धतीने? तू खाली बघितलंस आणि म्हणालास, "हो." तू खोटं बोलतोयस हे मला बरोबर कळलं. कशाबद्दल, ते चुकलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, मीटरच्या तारा हलवून चाळीस दिवस आपल्याला फसवलंय याने.

दोन शब्दांत सुटला असतास. बाबा बनवतात. एवढे दोनच.

बाबांना अजून काही विचारलेलं नाही. ते खिडकीपाशी बसतात. तू गेल्यापासून शेडकडे फिरकले नाहीत आणि मी लोकांना सांगते, गुडघे. आज सकाळी चहा द्यायला गेले, त्यांच्या मनगटावरचे ते पांढरे डाग बघितले आणि कप ठेवून परत आले. हिंमत झाली नाही.

त्यापेक्षा काम बरं. उद्या पिंप बाहेर काढून स्वच्छ घासून घेते, ॲसिडने. दोन वर्षांची घाण बसलीय आत. मग मोजून मापून बॅच करते. पंचवीसला आकडा दाखवला की बाकी सगळं मार्गी लागेल.

लागेल ना?

ताई


१८ मार्च

पान्या,

आकडा आला. दोन पूर्णांक शून्य एक.

पिंप आरशासारखं चकचकीत केलं होतं. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला वाटलं, त्यांच्या पोटात दुखतंय. बॅच केली, रात्रभर ठेवली, सेलमध्ये भरली. लोखंड नावालाही नाही. मग मी लोखंडाचं मीठ आणलं, काट्यावर तोलून थेट द्रावणात टाकलं. पहिल्या दिवशी एक पूर्णांक अठ्ठ्याऐंशी! जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी तळाला तपकिरी गाळ, आणि आज आकडा परत चढलाय. वरून हायड्रोजनच्या पट्टीवर काळं किटण बसलं ते वेगळंच. पिंपातलं लोखंड असं का वागत नव्हतं? कमी होतं म्हणून, हळूहळू सुटत होतं म्हणून, की आणखी काही? मला कळत नाही. पदवी भिंतीवर लटकतेय आणि मला कळत नाही.

पंचवीसला सात दिवस आहेत. पण आज मी लिहायला बसले ते त्यासाठी नाही.

तू गेल्यावर मी चार पत्रं लिहिली होती. तीन तुला माहीत आहेत. बसवाल्यांना, आपल्या पट्ट्या पुरवणाऱ्याला, आणि ज्या संस्थेने बाबांच्या काळापासून आपल्याला शेडची जागा भाड्याने दिलीय तिच्या संचालकांना. आकडे खोटे होते, जबाबदार माणसाला काढलं आहे, असं. तुझं नाव घालून.

चौथं तुला माहीत नाही.

तू इथून गेल्यावर तीन महिन्यांनी एका मोठ्या कंपनीत अर्ज केलास. आपल्यासारखंच यंत्र बनवणाऱ्या. त्यांनी तुझी मुलाखत घेतली, तुला आवडलं तिथलं, आईला फोनवर सांगितलंस की जवळजवळ नक्की आहे. मग ते एकदम गप्प झाले, आणि तू शीतगृहाचे कॉम्प्रेसर दुरुस्त करायला लागलास. आई अजून म्हणते, नशीब.

नशीब नव्हतं. त्यांनी मला विचारलं होतं, हा माणूस कसा आहे? मी लिहिलं: हात चांगला आहे, पण आकड्यांच्या बाबतीत भरवसा ठेवू नये.

एवढं एकच वाक्य. मला वाटलं, मी प्रामाणिकपणे वागतेय. खरं सांगायचं तर तसंही वाटलं नाही. मला तू दुसरीकडे जाऊन मोठा झालेला नको होतास. मी तुझ्यावर चिडले होते आणि ते वाक्य लिहिताना मला बरं वाटलं. ते पत्र टाकून घरी आले आणि पोटभर जेवले.

हे तुला दोन आठवड्यांपूर्वीच लिहायला हवं होतं. पहिल्या पत्रात तुझ्याकडून माहिती मागत बसले. मला माझीच लाज वाटतेय, पान्या. शेडमध्ये एका जागी उभं राहता येत नाही. काकांनी आज मला चक्क स्टूल दिलं आणि म्हणाले, बसा, तुमच्या चालण्याने आमचं काम होत नाही.

तू हे वाचून पत्र फाडलंस तर मला समजेल.

ताई


२२ मार्च

पान्या,

तुझं पत्र काल आलं. तारीख बघितली, सतराची. म्हणजे माझं पिंप घासायचं पत्र वाचल्याबरोबर लिहिलंस, आणि चौथ्या पत्राबद्दलचं मी तेव्हा लिहिलेलंही नव्हतं. आता मिळालं असेल. दोन वर्षांनी आलेली तुझी एकच ओळ: "पिंप घासू नकोस. बाबांना विचार."

ना मायना, ना सही. मी ती ओळ उभ्यानेच दोनदा वाचली. आईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, उशीर.

मग गेले बाबांकडे. खिडकीपाशी. मी काय काय ठरवून गेले होते, त्यातलं काही तोंडातून आलं नाही. एकदम म्हणाले, बाबा, मी तुमचं पिंप ॲसिडने घासलं.

त्यांनी पेपर खाली ठेवला.

"चकचकीत?"

"हो."

मला वाटलं, आता माझाच आवाज मला ऐकू येणार, सगळ्यांसमोरचा. पण ते म्हणाले, "चल, बघू दे."

चपला घालायला त्यांना मदत लागली नाही. गुडघ्यांना काही झालेलं नाही, पान्या. पायऱ्या उतरले, शेडपर्यंत चालत आले, काकांनी सलाम केला तर नुसती मान हलवली. पिंपात हात घालून बघितला. माझ्या घासण्यानंतर त्यावर लाल गंज धरायला लागला होता. मी आशेने दाखवलं, बघा, परत आलाय. त्यांनी बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. लाल बोट.

"हा नाही. हा बोटाला येतो. असला गंज पोटॅशमध्ये सुटून गाळ होतो. चिकटून बसलेला हवा, काळा. तो पोटॅश मुरवून मुरवून धरतो. एक बॅच मुरवायची, टाकून द्यायची. परत मुरवायची, परत टाकायची. माझ्या बापाचं पिंप होतं ते, मला तयार मिळालं."

मी विचारलं, किती दिवस? म्हणाले, पिंप सांगेल. मी म्हटलं, बाबा, पंचवीसला लोक येणार आहेत. ते म्हणाले, मग त्यांना नको म्हणून कळव, त्यात काय.

त्यात काय! पण खरंच, त्यात काय होतं?

मग माझ्याकडे न बघता, सळीचं फडकं सोडून नीट गुंडाळत, म्हणाले: "त्या दिवशी मी इथेच होतो. टाकीच्या आड. तू त्याला बोलत होतीस, मला सगळं ऐकू येत होतं. मीटरमधलं मला काय कळतं, मला वाटलं, असेल काही. पण तू द्रावणाचं विचारलंस तेव्हा मी बाहेर यायला हवं होतं. तो माझ्यासाठी हो म्हणाला. मी बाहेर आलो नाही. भीती वाटली तुझी."

बापाला माझी भीती वाटली, हे मी तुला लिहून कळवतेय. दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

मी रडले. ते फडक्याची गाठ मारत राहिले. मग म्हणाले, रडणं झालं की पाणी आण, वीस लिटर, पोटॅश आधी नाही, पाणी आधी. आपल्याला ते नीट आठवतं, हे त्यांना मला दाखवायचं होतं. मी पाणी आणलं. कॅनवरची लेबलं काकांनी मोठ्या अक्षरांत करून दिली. चष्मा मात्र मी जबरदस्तीने घालायला लावला.

रात्री चार पत्रं लिहिली. ज्या चौघांना आधी लिहिली होती त्यांनाच. आकडे खरे होते, मीटरला कोणी हात लावला नव्हता, ज्याचं नाव मी घेतलं त्याच्यावर मी खोटा आळ घातला, कारण मला माझ्याच शेडमध्ये काय चाललंय ते माहीत नव्हतं. पंचवीसची चाचणी रद्द. नक्कल सोबत जोडतेय. चौथ्याची आधी वाच.

ताई


१२ एप्रिल

प्रिय पान्या,

या वेळी खोडलं नाही.

तुझ्याकडून काही आलेलं नाही, आणि त्या चौथ्या पत्रानंतर का यावं? आई रविवारी तुझ्याशी बोलते, मग माझ्यासमोर भाजी निवडत बसते आणि ताकास तूर लागू देत नाही. मी विचारत नाही. हे मला किती जड जातंय ते तिला कळतं आणि मला वाटतं तिला थोडी मजाही येते.

उत्तरं आली. बसवाल्यांनी दोन ओळी लिहिल्या: कळले, तयार झाल्यावर कळवावे. तारीख दिली नाही. पट्टीवाल्याने फोन करून मला अर्धा तास सुनावलं, आणि तू त्याच्याकडे कधी चुकीचं माप पाठवलं नाहीस हे मला तीनदा ऐकवलं. मी ऐकून घेतलं. संचालकांनी भेटायला बोलावलंय. जाईन. आपल्याकडची जागा जाऊ शकते. गेली तर पिंप घरी नेऊ, बाबांनी न्हाणीघराच्या मागची जागा बघूनही ठेवलीय.

आणि त्या मोठ्या कंपनीचं पत्र आलं. सोबत आहे. ते तुझा पत्ता मागतायत. जागा आहे, त्या वेळेपेक्षा वरची, आणि तू कुठल्या तरी जुन्या मुलाखतीत गॅसकेटबद्दल काही सांगितलं होतंस ते त्यांच्या अजून लक्षात आहे. मी पत्ता दिलेला नाही. तुला विचारल्याशिवाय मी आता तुझ्याबद्दल कोणाला काही लिहिणार नाही, चांगलंसुद्धा नाही. त्यांचा पत्ता पत्रावर आहे. तूच लिही.

मला काय हवंय ते तुला ठाऊक आहे, म्हणून लिहीत नाही. नाही, लिहिते. लपवून बघितलं, त्याचं काय झालं ते आपण बघितलं. तू परत यावास असं मला वाटतं. इथे काही नक्की नाही, मी आहे तशीच आहे, थोडी मऊ झालेय असं काका म्हणतात पण काका मला घाबरतात. तिकडे तुझं भलं आहे. तिकडे गेलास तर मी एक दिवस रडेन आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागेन. हे मी चांगुलपणाने म्हणतेय असं समजू नकोस. त्या कंपनीचं पाकीट मी चार दिवस टेबलाच्या खणात ठेवलं होतं.

रजिस्टरमध्ये बॅच चौदा ते एकतीस, 'बनवणारा' या रकान्यात तुझ्या सहीखाली बाबांनी आपली सही केली. अठरा सह्या. अर्धा दिवस लागला, भिंग घेऊन. 'भांडं' या रकान्यातलं प्लॅस्टिक खोडून त्यांनी पिंप लिहिलं, अठराही वेळा. तुझी सही कशाला खोडायची, तो होताच की तिथे, म्हणाले. भिंतीवरचा माझा पहिला नियम मी स्वतः काढला. त्या जागी भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिलाय, तिथे अजून काही लावलेलं नाही.

आतापर्यंत सहा बॅच मुरवून टाकून दिल्या. प्रत्येकीतली एक बाटली काकांनी बाकाखाली ठेवली, आणि मी प्रत्येकीतलं लोखंड मोजतेय, हे मी पूर्वी का केलं नाही ते विचारू नकोस. सेलमध्ये अजून काही भरलेलं नाही. मी सकाळी सहालाच शेडमध्ये येते. बाबा माझ्या आधी आलेले असतात. पिंपावरचं पोतं काढतात, आत बोट फिरवतात आणि उजेडात धरून बघतात. मी रोज विचारते, झालं का? ते रोज म्हणतात, अजून नाही. तीन आठवडे हेच.

आज मी विचारलं नाही. हात मागे बांधून उभी राहिले, दात दाबून. त्यांनी बोट फिरवलं, उजेडात धरलं, दोन्ही बाजूंनी बघितलं. मग माझ्यासमोर धरलं. कडेला थोडं लाल होतं, बाकी बोट स्वच्छ.

"अजून नाही," म्हणाले. "पण धरतोय. त्याला कळव."

मास्तरीण